डाव्या पायाचा बूट

मागच्या हिवाळ्यात पुण्यात भाचीकडे मुक्कामाला होतो. तिच्या पोराला फुटबॉलचं वेड, त्यामुळे संध्याकाळी त्याला टर्फवर सोडायचं आणि आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. टर्फ म्हणजे दोन इमारतींच्या मधे उंच जाळी लावून केलेलं हिरवं प्लास्टिकचं मैदान. पोरं पळाली की बुटांखालून काळ्या रबराचा चुरा उडतो आणि पुढे दोन दिवस तो मोज्यांत, कानांत, अंथरुणात सापडत राहतो. जाळीबाहेर पालकांसाठी खुर्च्या. शिकवणारा मुलगा पंचविशीतला, अंगानं काटक, आवाजानं मऊ. त्या दिवशी त्यानं जाहीर केलं, आजचा खेळ फक्त डाव्या पायानं. झालं, सगळ्यांची तारांबळ. बॉल भलतीकडेच जायला लागले, दोघंतिघं चिडले, एक तर मैदानातच फतकल मारून बसला. तेवढ्यात खुर्चीवरून एक वडील उठले, जाळीपाशी गेले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “सर, त्याला जे येतं ते करू द्या ना. उगाच कॉन्फिडन्स जातो मुलाचा.” कोचनं घड्याळाकडे पाहिलं, खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि “ओके, फ्री प्ले!” म्हणून शिट्टी मारली. पोरं खूश, वडील खूश.

ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

त्यात खोट काढायला जावं तर सापडत नाही. बिचारे प्रेमापोटी बोलले. मी स्वतः माझ्या मुलीच्या बाबतीत वेगळं काय केलं? गणित झेपत नाही ना, मग चित्रं काढ बाई. तिनं चित्रं काढली आणि तिचं छान चाललंय. मग मला टोचत काय होतं? राग त्या वडिलांचा नव्हता. तो कोच इतक्या चटकन मागे सरला, त्याचा होता. पण तो तरी काय करणार? फी भरणारे खुर्चीवर बसलेले, महिनाअखेर जवळ आलेली. हे सगळं समजत होतं, तरी रात्री पाठीवर पडल्या पडल्या मनात येत राहिलं की आमच्या सरांसमोर असं कोणी म्हणालं असतं, तर सर काय म्हणाले असते? बहुधा काहीच नाही. तोंडातली शिट्टी न काढता, पोराच्या उजव्या पायाकडे नुसतं बोट दाखवलं असतं.

कोल्हापुरात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या माणसाला फुटबॉल शिकायला कुठे जावं लागत नसे. पेठेत जन्मलात की तालीम ठरलेली, तालीम ठरली की टीम ठरलेली आणि टीम ठरली की दुष्मनही ठरलेले. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतली दुकानं अर्धी मिटायची. हा सगळा माहोल आम्हाला फुकट मिळाला. खेळ मात्र शिकवला सरांनी. शाळेत ते पीटीचे शिक्षक. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढरी पँट कायम घोट्याच्या वर. शिट्टी बुटाच्या नाडीला बांधलेली, आणि त्या शिट्टीतली गोटी कधीचीच हरवलेली. त्यामुळे ती वाजायची नाही, फुसफुसायची. दुसऱ्या शाळांची पोरं त्या आवाजाला हसायची. आम्हाला मात्र मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात, कितीही गलक्यात ती फुसफुस ऐकू येई. अजूनही कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते ना, तेव्हा माझे पाय क्षणभर जागच्या जागी थबकतात. बायकोला हे सांगितलेलं नाही.

आठवड्यातल्या एका सकाळी सर यायचे आणि म्हणायचे, “उजवा बूट काढा.” तेव्हाचे बूट म्हणजे कॅनव्हासचे, खाली रबरी तळ, करंगळीपाशी फाटलेले. लिंबाखाली उजव्या बुटांचा ढीग पडायचा. मग अख्खी सराव-मॅच अशीच, डाव्या पायात बूट आणि उजवा पाय अनवाणी. मैदान मुरमाचं. बॉल कातडी, जुना, वर नाडीनं शिवलेला. पहाटेच्या दवात भिजला की असा जड व्हायचा की अनवाणी अंगठ्यानं मारला तर डोळ्यांसमोर काजवे. सरांनी डाव्या पायाचं महत्त्व कधी बोलून सांगितलं नाही. गरजच नव्हती. एकदा ठणकलेला अंगठा पुढच्या वेळी आपोआप मागे राही आणि डावा पाय पुढे येई. सुरुवातीला त्या पायाचा आपल्याशी संबंध आहे असंच वाटायचं नाही, शेजाऱ्याचा पाय उसना आणल्यासारखा तो लागायचा. पास द्यायला जावं तर बॉल घोट्याला लागून स्वतःकडेच परत. सर बाजूला उभे राहून शांतपणे तंबाखू मळत. कोणी हसलं तर हसणाऱ्याचा डावा बूटही जाई.

हे डोकं त्यांनी कुठून आणलं, ते त्यांनीच सांगितलं होतं. पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं व्हायचं, शाळेच्या मैदानाचा चिखल, मग पीटीचा तास सामानाच्या खोलीत. ओल्या कातड्याचा, ग्रीसचा आणि जुन्या दोरखंडाचा वास. त्या खोलीत लाकडी बाकाच्या कडेवर बसून सर मुंबईच्या गोष्टी सांगत. ऐन तरुणपणी ते गिरणीत बदली कामगार म्हणून लालबागला राहत होते. पाळी सुटली की चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर. तिथं रोव्हर्स कपात त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसची टीम पाहिली. त्या टीमनं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला, तेव्हाची ही गोष्ट. आम्हाला पोलीस म्हटल्यावर खाकी हाफपँटीतले, कमरेला दांडा लावून पळणारे हवालदार दिसायचे. सर चिडून म्हणत, “अरे, दोन टचांत बॉल सोडायचे ते! पायात बॉल ठेवलेला कोणी दिसायचाच नाही. आम्ही मुंबईकर बॉल बघत होतो, आणि ते पुढं कुठं जायचं ते बघत होते.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, “बाहेर एक माणूस उभा असायचा. गप्प. मास्तर होता तो.”

मास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादकरांचे रहीम साब, आमच्या सरांचे कायम रहीम मास्तर. जन्म १९०९ चा. पेशानं खरोखरच शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, शाळांमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेलं. १९४३ पासून हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव, १९५० पासून पोलीस संघाचे आणि भारताच्या संघाचेही प्रशिक्षक. १९५१ ला दिल्लीतल्या पहिल्या एशियाडमध्ये इराणला एक-शून्य हरवून सोनं, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, १९६२ ला जकार्तात पुन्हा सोनं. मधे हिंदी सिनेमाही येऊन गेला त्यांच्यावर, त्यामुळे हे आता पुष्कळांना पाठ आहे. मला मात्र पदकांपेक्षा त्यांच्या हैदराबादेतल्या स्पर्धांचं जास्त नवल वाटतं. रहीम साब अशा स्पर्धा भरवत की ज्यात ड्रिब्लिंगच, म्हणजे बॉल पायाशी खेळवत चकवत नेणंच, करायचं नाही. आला बॉल की दिला बॉल. दुसऱ्या काही स्पर्धांत फक्त आपल्या कच्च्या पायानं खेळायचं. कल्पना करा, गल्लीतला सगळ्यात चलाख पोरगा, चारचौघांना चकवून जाणारा, ज्याच्यासाठी लोक भिंतीवर चढून बसायचे, त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की बाळा, तुझी ती जादू घरी ठेवून ये. तुझा जो पाय नुसता उभं राहण्यापुरता आहे, त्याच्यावर आज खेळ. आणि हे शिक्षा म्हणून नव्हे. रीतसर स्पर्धा लावून, बघ्यांसमोर. बिचाऱ्या बघ्यांनी काय पाहिलं असेल! हुकलेल्या किक, सैरावैरा बॉल, फजिती. पण त्याच मातीतून पुढे मेलबर्नच्या संघात हैदराबादची कितीतरी पोरं गेली.

सरांचा डावा बूट तिथून आला होता. कूपरेजच्या कुंपणाबाहेर कोणा हैदराबादी प्रेक्षकानं त्यांना त्या स्पर्धांचं सांगितलं म्हणे, आणि अनवाणी उजव्या पायाची जोड सरांनी स्वतः दिली.

अनवाणीपणाचीही एक गंमत आहे. आपल्या त्या पिढीला अनवाणी खेळण्याचा कोण अभिमान! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली बरीचशी टीम अनवाणी किंवा पट्ट्या गुंडाळून खेळली, फ्रान्सकडून दोन-एक असं थोडक्यात हरली आणि कौतुक झालं. ते कौतुक डोक्यात गेलं. चार वर्षांनी हेलसिंकीला गारठ्यात युगोस्लाव्हियानं दहा-एक असा फडशा पाडला. तेव्हाही कित्येकजण अनवाणीच होते. प्रशिक्षक रहीमच. म्हणजे नाकर्तेपणाचा ठपका त्यांच्यावरही होताच. त्यानंतर महासंघानं बूट सक्तीचे केले. आज वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण ज्यानं आयुष्यभर बोटांच्या चिमटीत बॉल धरल्यासारखा खेळवलाय, त्याच्या पायात कडक कातडं चढवणं म्हणजे त्याची बोटंच बांधणं. त्याला जे येतं ते त्याला करू न देणं. चार वर्षांत तीच माणसं, किंवा त्यांचे धाकटे भाऊ, बूट घालून मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला चार-दोन हरवत होते आणि नेव्हिल डिसूझा तीन गोल मारत होता. मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा हा नेव्हिल ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध आधी गोल आपणच मारला, तोही नेव्हिलनंच. मग चार खाल्ले. दहा-एकवरून चार-एक. सर हा हिशेब फार समाधानानं सांगत, जणू तो विजयच होता. तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, मास्तर माणसाचा हिशेब असाच असणार. पस्तीस टक्क्यांवरून पंचावन्नवर आलेल्या पोराचं त्याला जास्त कौतुक.

इथवर सगळं गोड आहे. पण जो माणूस आपली आवडती गोष्ट हिसकावून घेतो, त्याच्यावर पोरं जीव का टाकतात, याचं उत्तर यात नाही. नुसत्या कडकपणानं माणसं जवळ येत नाहीत. कडक मास्तर आम्हाला पैशाला पासरी होते, आणि त्यातल्या एकाच्याही आठवणीनं कोणाचा गळा दाटत नाही.

तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा. घरची गरिबी अशी की सरावाला हैदराबादपर्यंत जायचं भाडं परवडायचं नाही. रहीम साबनी त्या पोराचा खेळ पाहिला आणि त्याच्यासाठी सायकलची सोय केली. त्या सायकलवरून बलराम सरावाला येऊ लागला, विशी गाठता गाठता मेलबर्नच्या विमानात बसला आणि पुढे जकार्तातल्या सोन्याचा मानकरी झाला. छातीच्या आजारानं त्याचा खेळ फार लवकर संपला. पण २०२३ मध्ये जाईपर्यंत रहीम साबबद्दल तो कृतज्ञतेनंच बोलत राहिला. म्हणजे एका हातानं ड्रिब्लिंग काढून घेतलं आणि दुसऱ्या हातानं सायकल दिली, असं म्हणायचा मोह होतो. पण ते तितकंसं खरं नाही. सायकल काही बदल्यात दिलेली नव्हती. मला वाटतं, सायकल देणाऱ्याला त्या पोराचा अख्खा रस्ता ठाऊक होता. अम्मुगुडाहून निघून मैदानावर येईपर्यंत पोटात काय असतं, पायात किती उरतं, हे ठाऊक असलेल्या माणसानं ‘आज डाव्या पायानं’ म्हणणं वेगळं. टर्फवरच्या त्या मुलाला पोरांची नावं नीट पाठ नव्हती. जर्सीच्या नंबरावरून हाका मारत होता. तीस पोरं, तासाचा स्लॉट, लगेच पुढची बॅच दारात. त्याला दोष कसा द्यायचा? पण त्याच्या तोंडी तोच हुकूम पोकळ वाजला आणि एका पालकाच्या एका वाक्यानं गळून पडला.

आमच्या टीमचा गोलकीपर दहावीला परीक्षेची फी भरू शकत नव्हता. ती फी कोणी भरली हे त्याला शाळा सुटल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं, तेही ऑफिसातल्या शिपायाकडून. सर तेव्हा त्याला रोज झापत होते. तुझा डावा हात काय फक्त घड्याळ बांधायला आहे का, म्हणून.

आता आमच्या राईट आऊटचं, म्हणजे उजव्या बगलेतून पुढे खेळणाऱ्याचं, सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल. आम्हा सगळ्यांत देवानं ज्याच्या पायात काही दिलं होतं असा तो एकटाच. बॉल त्याच्या पायाला चिकटायचा. आंतरशालेय स्पर्धेच्या फायनलला सरांनी मॅचच्या आधी एवढंच सांगितलं, “दोन टच. तिसरा टच करील तो बाहेर.” हाफटाइमच्या थोडं आधी ह्या पठ्ठ्यानं उजव्या बगलेतून बॉल घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, बॅकच्या पायांतून बॉल काढला आणि गोल केला. मैदान डोक्यावर घेतलं पब्लिकनं. आम्ही त्याच्या अंगावर उड्या मारत होतो आणि तेवढ्यात ती फुसफुस. सरांनी बोटानं बोलावलं. तो हसत हसत गेला, शाबासकी मिळणार म्हणून. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाकावर बसवलं. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन खाल्ले आणि हरलो. तो शेवटपर्यंत बाकावर, गुडघ्यांत मान घालून. त्यानंतर शाळेच्या टीममध्ये तो आला नाही. पेठेकडून थोडा खेळला, मग वडिलांच्या गुळाच्या अडतीवर बसला.

सरांचं चुकलं का? मी अनेकदा उलटसुलट करून पाहिलंय. शब्द दिला होता आणि पाळला, हे बरोबर. इतर दहाजणांना त्या दिवशी कळलं की इथं देवाच्या लाडक्यालाही सूट नाही, हेही बरोबर. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोर, आयुष्यातला सगळ्यात सुंदर गोल मारून धावत येतंय, आणि त्याला तुम्ही बसवता? रहीम साबच्या त्या ड्रिब्लिंगबंदीच्या स्पर्धांतूनही अशी काही पोरं घरी गेलीच असतील आणि परत आली नसतील. सोनं जिंकलेल्यांची नावं छापून येतात. रुसून गेलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. माझ्या मनात सरांबद्दल जे आहे त्यात ही एक कुसळ आहे, आणि ती काढायचा मी प्रयत्नही करत नाही.

जकार्ताची गोष्ट सर दर पावसाळ्यात सांगत, आणि दर पावसाळ्यात जर्नेलसिंगच्या डोक्यावरचे टाके वाढत. मोहन बागानचा हा पंजाबी स्टॉपर म्हणजे मागची भिंत. १९६२ च्या एशियाडात पहिलीच मॅच आपण दक्षिण कोरियाकडून दोन-शून्य हरलो. मग थायलंडला हरवताना जर्नेलचं डोकं फुटलं. एखाद्यानं त्याला विश्रांती दिली असती. रहीम साबनी टाके घातलेल्या जर्नेलला उपांत्य सामन्यात मागून उचलून थेट पुढे, सेंटर फॉरवर्डला उभा केला. आशियातला सगळ्यात भरवशाचा बचावपटू, त्याला जे येत होतं तेच त्याच्याकडून काढून घेतलं. आणि त्यानं दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल मारला. ४ सप्टेंबरला फायनल, समोर पुन्हा कोरियाच. स्टेडियममध्ये लाखभर लोक आणि सगळे आपल्या विरोधात. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी वगळलं म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवरच्या आपल्या सोंधींनी आवाज उठवला होता, त्याचा तो राग. राष्ट्रगीतालाही हुर्यो उडत होती. खेळाडू पुढे सांगत की त्या गर्दीत आपल्यासाठी ओरडणारे होते ते पाकिस्तानच्या हॉकी टीमचे लोक. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जींचा गोल, लगेच विसाव्याला जर्नेलचा. गोलात तापातून उठलेला थंगराज, हाफला गोव्याचा फ्रँको. कोरियानं शेवटी एक फेडला, पण दोन-एक. एशियाडात फुटबॉलचं सोनं आपल्याला त्यानंतर मिळालेलं नाही.

आदल्या रात्रीचं कप्तान चुनी गोस्वामींनी सांगून ठेवलंय. रहीम साबनी पोरांना एवढंच म्हटलं, की उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी, सोनं जिंका. आयुष्यभर काढून घेणाऱ्या माणसानं पहिल्यांदा काही मागितलं. फुप्फुसाचा कर्करोग होता. सोन्यानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला ते गेले. चौपन्नाव्या वर्षी.

सर ही गोष्ट इथंच थांबवत आणि उठून खिडकीपाशी जात, पाऊस ओसरला का बघायला. आम्ही पोरं जर्नेलच्या टाक्यांत रमलेलो. त्या भेटीचा अर्थ कळण्याचं आमचं वय नव्हतं. आता ज्या वयात सर तेव्हा होते ते मी ओलांडलं, आणि मला जकार्तापेक्षा त्याच्या नंतरच्या वर्षांचं जास्त वाटतं. रहीम साब गेले आणि ती पद्धतही हळूहळू विरली. १९७० ला बँकॉकला कांस्य मिळालं, त्या संघाच्या प्रशिक्षणात पी. के. बॅनर्जी होते, रहीम साबच्या तालमीतले. म्हणजे एक पिढीभर धग टिकली. पुढे? सगळं एका माणसाच्या डोक्यात, त्याच्या नजरेत, त्याच्या वहीत असलं की असंच होतं. आपल्याकडे मोठ्या माणसाच्या आठवणी काढायला आपण तयार असतो. त्याच्या कच्च्या पायाच्या स्पर्धा पुढच्या वर्षीही भरवायच्या, हे कोणाच्या मनात येत नाही. सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच वर्षापासून आमच्या शाळेत दोन्ही बूट घालून सराव सुरू झाला. नवे शिक्षक चांगले होते, तरुण होते, त्यांनी नेट आणलं, नवे बॉल आणले. लिंबाखाली बुटांचा ढीग मात्र पुन्हा पडला नाही.

आणि तरी काहीतरी उरतं, अगदी भलत्या जागी. मी पुढे हिशेबनीस झालो, फुटबॉलशी संबंध टीव्हीपुरता. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत सगळं काम नव्या प्रणालीवर गेलं तेव्हा माझ्या वयाचे बरेचजण ‘आम्हाला जे येतं ते करू द्या’ म्हणून अडून बसले. मी मुकाट्यानं शिकलो. हुशारी म्हणून नव्हे. कच्च्या पायावर उभं राहिल्यावर सुरुवातीला लोक हसतात, आपणही स्वतःला हसतो, आणि काही दिवसांनी बॉल सरळ जायला लागतो, हे अंगाला ठाऊक होतं एवढंच. याला संस्कार वगैरे म्हणायचं तर म्हणा. सरांना तो शब्द चालला नसता.

या मोसमात बऱ्याच वर्षांनी शाहू स्टेडियमवर गेलो. पाटाकडील तालमीची मॅच होती, गर्दी नेहमीचीच, हलगी नेहमीचीच, फक्त आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल उंच धरलेला. जुनी टोळी ठरवून जमली होती: गोलकीपर, लेफ्ट हाफ, मी आणि राईट आऊट. त्याचे केस पांढरे झालेत, पोट सुटलंय, पण पायरीवर बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय अजून हलत असतो. हाफटाइमला शेंगा फोडता फोडता विषय सरांवर आलाच. गोलकीपरनं फीची गोष्ट पुन्हा सांगितली, दर वेळी सांगतो, आणि दर वेळी डोळे पुसतो. राईट आऊट ऐकून घेत होता. मग टरफलं झटकत म्हणाला, “तुझी फी भरली, लई चांगलं केलं. पर मला का काढलं, ते एकदा तरी सांगायला पायजे हुतं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?” गोलकीपर म्हणाला.

“न्हाई. पर सांगायला पायजे हुतं.”

“आरं, दोन टच म्हणून आधीच सांगितलं हुतं की!”

“त्ये कायदा सांगितला. मला काय सांगितलं?”

लेफ्ट हाफनं मधे पडायचा प्रयत्न केला, त्याला दोघांनीही गप्प बसवलं. खाली टीम मैदानात आल्या, हलगी पुन्हा कडाडली, मॅच सुरू झाली, तरी ह्या दोघांचं मिटेना. आवाज चढत गेले. शेवटी पुढच्या पायरीवरचं एक पोरगं मोबाइल खाली घेऊन मागं वळलं आणि म्हणालं, “मामा, भांडायचं आसंल तर भाईर जावा की. मॅच बघू द्या.”